अलर्ट पुसायचा, तर सही करून

“सर, साडेचारशे होते. एका झटक्यात साफ केले. एक पण तांबडा राहिला नाही बघा.”

एका पतसंस्थेच्या आयटी विभागातला पोरगा मला हे मोठ्या कौतुकाने सांगत होता. विभाग म्हणजे तो, एक खुर्ची आणि एसी बंद असल्यामुळे कायम सताड उघडं असलेलं सर्व्हरच्या खोलीचं दार. त्याने पंधरा-वीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली होती. रोज पहाटे पाचला ती आपोआप चालायची, रात्रभरात साचलेले सगळे अलर्ट एपीआयमधून डिलीट करायची. दहाला मॅनेजरसाहेब येत तेव्हा भिंतीवरचा पडदा हिरवागार. मला त्या दिवशी बोलावलं होतं ते मात्र सर्व्हरची हार्ड डिस्क गेली म्हणून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्या पोराच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी नांदेड आणि लातूरमधल्या पतसंस्था, जिनिंग आणि इस्पितळांचे सर्व्हर सांभाळून देतो. लोहा, अहमदपूर, चाकूर हा रस्ता मला खड्ड्यांसकट पाठ आहे. या पट्ट्यातल्या कामाचं एक वैशिष्ट्य म्हणजे आमची हुशार पोरं दहावी-बारावीला लातूर पॅटर्नमध्ये घासून निघतात आणि नंतर पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात. जी आई-वडिलांपायी मागे राहतात, ती इथल्या संस्थांचे संगणक एकट्याच्या जिवावर चालवतात. पगार ऐकला तर पुण्यातला माणूस हसेल. म्हणून आधीच सांगतो, या लेखात त्या पोराला झोडपायचं नाही. त्याच्या हातात जे दिलं आणि त्याच्याकडून जे मागितलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक यंत्र स्वतःची रोजनिशी लिहीत असतं. कोण किती वाजता आत आलं, कुणाचा पासवर्ड चुकला, डिस्क किती भरली, बॅकअप झाला की अर्ध्यात तुटला. याला लॉग म्हणतात. पाच-सहा शाखांच्या साध्या पतसंस्थेतही दिवसाला एवढ्या ओळी लिहिल्या जातात की माणसाने त्या वाचायच्या म्हटलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून सगळ्या यंत्रांचे लॉग एका ठिकाणी गोळा करणारं सॉफ्टवेअर असतं आणि त्यात नियम घालून ठेवलेले असतात. एकाच नावाने दहा मिनिटांत पाच वेळा पासवर्ड चुकला तर सांग, बॅकअपची फाइल रिकामी निघाली तर सांग. नियमात बसेल असं काही घडलं की अलर्ट येतो. आणि एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमला परस्पर हुकूम द्यायची सोय. पडद्यावर जाऊन एकेक अलर्ट उघडायचा, वाचायचा, मग बंद करायचा ही कटकट तिच्यामुळे वाचते. वाचणंही वाचतं, अडचण तिथेच आहे.

मी त्या सॉफ्टवेअरची स्वतःची नोंदवही उघडली. पाच वाजून काही सेकंदांपासून एकाखाली एक ओळी लागल्या होत्या. हुकूम डिलीट, पुढे अलर्टचा क्रमांक, शेवटी उत्तर २०४. वेबच्या भाषेत २०४ म्हणजे काम झालं, परत पाठवण्यासारखं काही नाही. पुन्हा डिलीट, पुन्हा २०४. साडेचारशे ओळी, मिनिटभराचं काम. हुकूम देणाऱ्याचं नाव प्रत्येक ओळीत एकच होतं, ॲडमिन. ती किल्ली, म्हणजे टोकन, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या माणसाने बसवतानाच तयार केली होती आणि तिला सगळे अधिकार होते. त्या पोराचं नाव कुठेच नाही. का पुसलं हा प्रश्न सॉफ्टवेअरने विचारलेलाही नाही. ते क्रमांक लॉगशी ताडून पाहिले, तर पुसल्या गेलेल्यांत ‘बॅकअप अपूर्ण’ हा अलर्ट रोज रात्री एकदा, न चुकता आला होता आणि पहाटे न चुकता गेला होता. शेवटचा चांगला बॅकअप पाच आठवड्यांपूर्वीचा निघाला.

मधल्या पाच आठवड्यांचा हिशेब पावत्यांवरून पुन्हा भरावा लागला. ते दृश्य मला बरेच दिवस दिसत राहील. रोजची ठेव दारोदार फिरून गोळा करणारे पिग्मी एजंट, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, शाखेच्या बाकावर ओळीने बसलेले. प्रत्येकाच्या मांडीवर पावत्यांच्या स्थळप्रतींची पिशवी. उन्हाने आणि घामाने थर्मल कागदावरची छपाई निम्मी उडालेली. एक जण पावती उजेडाकडे धरून आकडा वाचतोय आणि समोरची बाई तो भरतेय. वीस रुपये, पन्नास रुपये, शंभर रुपये. ज्या पानटपरीवाल्याने रोज वीस रुपये भरले, त्याला यातलं काही कळणारही नव्हतं.

आता पोराची बाजू. साडेचारशे अलर्ट येतात कुठून? उन्हाळ्यात शाखेची लाइट गेली की इन्व्हर्टर थोडा वेळ टिकतो, मग राउटर बंद पडतो. राउटर बंद की त्याच्या पाठीमागची पाचही यंत्रं ‘संपर्क नाही’ म्हणून ओरडायला लागतात. नियम असा की दर मिनिटाला पुन्हा सांग. लाइट दीड तास गेली तर हिशेब तुम्हीच करा. खरं म्हणजे राउटर गेला असेल तर मागच्या यंत्रांबद्दल बोलू नकोस, आणि राउटरबद्दलही पंधरा मिनिटं थांबून बोल, एवढे दोन नियम घातले असते तर त्यातले बहुतेक अलर्ट जन्मालाच आले नसते. ते काम सॉफ्टवेअर विकणाऱ्याचं होतं. त्याला फोन केला की तो “मेल टाका” म्हणायचा. इकडे साहेब रोज सकाळी विचारायचे, “हे तांबडं काय आहे?” पोराने दोन-तीनदा समजावून सांगितलं, मग साहेबांना काय हवंय ते त्याला कळलं. पडदा हिरवा ठेव असं सांगितलं की पडदा हिरवा राहतो. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात ‘प्रलंबित प्रकरणे शून्य’ हा आकडा कसा येतो ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अलर्टच्या गर्दीत खरा अलर्ट हरवतो हा रोग मोठ्यांनाही सुटलेला नाही. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीचं उदाहरण माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये चोर त्यांच्या यंत्रणेत शिरले. पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने अलर्ट दिला. तो बंगळुरूत बसलेल्या आपल्याच माणसांनी पाहिला आणि मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलाही. तिथे त्यावर काहीच झालं नाही. चार कोटी कार्डांची माहिती गेली, पुढच्या मे महिन्यात कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. पण त्या प्रकरणात एक गोष्ट धड झाली. अलर्ट जागेवर होता. म्हणूनच चौकशीत सांगता आलं की अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक लोकांना कळलं होतं. आमच्या पतसंस्थेत तेवढंही सांगता आलं नसतं.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून चोरांनी आठ कोटी दहा लाख डॉलर पळवले. त्यांनी पैसे काढण्याच्या हुकमाइतकीच मेहनत पुरावा पुसण्यावर घेतली होती. त्यांच्या प्रोग्रॅमने स्विफ्टच्या, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय निरोपांच्या जाळ्यावरच्या, व्यवहारांच्या नोंदी डेटाबेसमधून काढून टाकल्या आणि व्यवहार झाल्याचा कागद छापणाऱ्या प्रिंटरची वाट लावली. शुक्रवारी सकाळी कर्मचाऱ्यांना प्रिंटर बंद दिसला, त्यांना वाटलं नेहमीसारखाच बिघडला असेल. आत शिरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती ओरडणाऱ्याचं तोंड दाबण्याची. आमच्या पोराने भल्या हेतूने लिहिलेली स्क्रिप्ट आणि ती सर्वाधिकारी किल्ली चोराला आयतीच मिळाली असती. त्याला वेगळं काही लिहावंही लागलं नसतं, आणि रोज पहाटे सगळं पुसलं जातं हे माहीत असलेल्या कुणाला संशयही आला नसता.

चोर इतक्या लांब आपल्याकडे कशाला येतील, असं लातूरच्या एका संचालकांनी मला विचारलं होतं. ११ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, दोन दिवसांनी हाँगकाँगला स्विफ्टने रक्कम गेली, एकूण चौऱ्याण्णव कोटी. पुणे मोठं शहर म्हणून सोडून द्या. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्याच शंकर नागरी सहकारी बँकेच्या दुसऱ्या बँकेत असलेल्या खात्यातून चौदा कोटींहून अधिक रुपये परस्पर वळवले गेले. चोराला नकाशा लागत नाही. जिथे दार उघडं दिसेल ते त्याचं गाव.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे, पण त्याच्यात एक मोठं भोक आहे. सायबर सुरक्षेची केंद्रीय संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला. सगळ्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. आता बघा. आमच्या पतसंस्थेचे लॉग जागच्या जागी होते. अलर्ट पुसला म्हणून लॉग जात नाही, लॉग वेगळा, अलर्ट वेगळा. कागदावर संस्था निर्दोष! पण कोट्यवधी ओळींच्या ढिगात पडलेली ती एक ओळ माणसापर्यंत पोचवणारा दुवा अलर्ट हाच होता. आणि सहा तास मोजायचे ते ‘लक्षात आल्यापासून’. अलर्ट आला तो क्षण म्हणजे लक्षात आल्याचा पुरावा. तोच गेला तर घड्याळ कधी सुरू झालं हे कोण ठरवणार? संस्था म्हणेल, आम्हाला आत्ताच कळलं. खोटं आहे असं सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

पैशाच्या हिशेबाबाबत मात्र हेच भोक सरकारने बुजवलं आहे. दोनदा पुढे ढकलल्यानंतर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. लातूरच्या सीए मंडळींनी सुरुवातीला कुरकुर केली. “एंट्री चुकली तर गपचूप दुरुस्त करायची सोयच गेली की हो!” आज तेच लोक नव्या अशिलाला एडिट लॉग दाखवून भाव खातात. पाचशे रुपयांच्या व्हाउचरचा फेरफार पुसता येऊ नये, पण ‘बाहेरून कुणीतरी ॲडमिनचा पासवर्ड लावून बघतोय’ हा इशारा पहाटे पाचला कुणालाही पुसता यावा, हे मला पटत नाही.

अलर्ट खोटाच होता, मग पुसला तर बिघडलं काय, असं विचारलं जातं. तो खोटा होता हे आपण आज ठरवतो. याचं उदाहरण आमच्या जवळच आहे, किल्लारी लातूरपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, जो भूकंप झाला त्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी त्या परिसरात लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली होती. पुढे ती थांबली आणि लोक पुन्हा घरात झोपू लागले. त्या धक्क्यांवरून मोठा भूकंप येईल असं तेव्हा कुणी सांगू शकलं नसतं, आजही भूकंपाचं भाकीत करता येत नाही. पण १९९२ च्या नोंदी राहिल्या, म्हणून दख्खनच्या ज्या भागाला आपण अढळ समजत होतो त्याच्याबद्दल नंतर विचार तरी करता आला. निरर्थक वाटलेली नोंद कधी कामाला येईल याचा हिशेब आधी लागत नाही.

मग अलर्ट कधीच काढू नयेत का? काढावेत की. साडेचारशे तांबड्या ओळी समोर ठेवून कुणी काम करू शकत नाही. पण काढण्याचे प्रकार आहेत आणि सगळे एकाच बटणाखाली कोंबले गेलेत. उदाहरणार्थ, स्प्लंक नावाच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये डिलीटचा हुकूम दोन पत्त्यांवर देता येतो. एका पत्त्यावर दिला तर कालचा वाजून गेलेला अलर्ट नोंदीतून जातो. दुसऱ्यावर दिला तर तो अलर्ट ज्या नियमामुळे येतो तो नियमच जातो, म्हणजे उद्या तेच घडलं तरी कुणी ओरडणार नाही. दोन पत्त्यांत फरक दोन-तीन शब्दांचा, हुकूम तोच. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये एका हुकमात शंभरपर्यंत अलार्म काढता येतात. नियम काढणं हा संचालक मंडळाच्या कानावर घालण्याचा निर्णय आहे. तो पंधरा-वीस ओळींच्या स्क्रिप्टवर सोपवणं म्हणजे कमाल आहे. आणि आता तर हे सगळं एआयवर सोपवायची भाषा सुरू झाली आहे. त्यालाही अशीच ॲडमिनची किल्ली देणार असाल तर देव तुमचं भलं करो.

उलट प्रोमिथियस या यंत्रांवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोडीला चालणारा अलर्टमॅनेजर बघा. फुकटचं, खुलं सॉफ्टवेअर. त्याच्या एपीआयमध्ये अलर्ट डिलीट करायचा हुकूमच नाही. ज्या कारणाने अलर्ट आला ते कारण गेलं की अलर्ट जातो. गोंगाट नको असेल तर तेवढ्यापुरतं त्याला गप्प करता येतं, आणि गप्प करताना कोण करतंय, कशासाठी आणि कधीपर्यंत हे लिहावं लागतं. मुदत संपली की तो पुन्हा बोलू लागतो. डिलीट करता येतं ते फक्त हे गप्प बसवणं, अलर्ट नव्हे! ज्याने कुणी हे असं रचलं त्याने आमच्यासारख्यांच्या रात्रपाळ्या पाहिल्या असाव्यात.

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका संस्थेच्या चेअरमनना मी हे सगळं सांगत बसलो होतो. माणूस सातवी शिकलेला, आडतीत केस पांढरे झालेले. सर्व्हर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आवही ते आणत नाहीत. मधेच थांबवून म्हणाले, “म्हणजे प्रोसिडिंग बुकासारखंच की. पान फाडतंय का कुणी? पानाला नंबर असतो. चुकीचा ठराव झाला तर पुढच्या मीटिंगला रद्द करावं, खाली सही करावं. फाडलं की निबंधकासमोर उभं राहायचं. मग तुमच्या मशीनमधलं पान कसं काय फाडू देऊलालाव तुम्ही?” मला यापेक्षा नीट मांडता आलं नसतं. त्यांनी त्याच बैठकीत ठराव केला. डिलीटचा अधिकार असलेली किल्ली संस्थेत कुणाकडेच राहणार नाही. गप्प करायचं तर स्वतःच्या नावाच्या किल्लीने, कारण लिहून, जास्तीत जास्त चोवीस तास. नियम काढायचा तर दोन सह्या. आणि अलर्टच्या सॉफ्टवेअरला आलेल्या प्रत्येक हुकमाची नोंद दुसऱ्या, वेगळ्या यंत्रावर जाणार, म्हणजे पुसणाऱ्याला स्वतःचं पुसणं पुसता येणार नाही. खर्च? जुन्या डेस्कटॉपवर झालं ते.

खर्चाची सबब म्हणूनच मला मान्य नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट घालून दिली, तिच्यावर मोठ्या बँका काम करताहेत. पतसंस्था त्या चौकटीत येत नाहीत, त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत. पण दरवर्षी लेखापरीक्षण त्यांचंही होतं. लेखापरीक्षक येतात, संगणक आहे का, बॅकअप घेता का, असं विचारतात, होय लिहितात, चहा घेऊन जातात. सहकार आयुक्तालयाने त्यांच्या तपासणीत दोन ओळींची भर घालावी. डिलीट करू शकणाऱ्या किल्ल्या किती आणि कुणाच्या नावावर, हे विचारावं. आणि गेल्या वर्षात पुसलेल्या अलर्टची यादी कारणांसकट मागावी. अशी यादी ठेवलेलीच नाही, असं उत्तर आलं तर तेच शब्द अहवालात उतरवावेत आणि तो अहवाल वार्षिक सभेत ठेवीदारांपुढे वाचला जावा.

त्या पोराची नोकरी शाबूत आहे. मॅनेजरसाहेबांनी त्याला काढायचं चालवलं होतं. मी त्यांना विचारलं, पडदा रोज हिरवा कुणाला हवा होता? ते विषय बदलून चहा मागवायला उठले. स्क्रिप्ट आता डिलीट करत नाही. रात्रीचे अलर्ट गटागटाने मोजते आणि सकाळी एक कागद छापते. पहिल्याच आठवड्यात तिच्यातून कळलं की भोकरच्या शाखेतला यूपीएस मरायला टेकलाय.